स्कॉटलंड, गिरावीन आणि गादीचा दोर

शुक्रवार, १९ सप्टेंबर २०१४. हातातलं काम : भाऊजींच्या मागच्या अंगणातल्या ग्रॅनी फ्लॅटचा, म्हणजे भाड्यानं द्यायच्या छोट्या घराचा, ओव्हन घासणे. आधी राहून गेलेल्या मुलांनी त्यात काय भाजलं होतं ते देवालाच ठाऊक. मी गुडघ्यांवर, डोकं ओव्हनमध्ये, आणि मागे भाऊजी उभे राहून फोनवर स्कॉटलंडची मतमोजणी वाचून दाखवताहेत. ब्रश धरायला त्यांना एक हात मोकळा होता, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

स्कॉटलंडनं ब्रिटनपासून वेगळं होऊ नये म्हणून ज्याची झोप उडाली असा अख्ख्या ऑस्ट्रेलियात एकच मराठी माणूस असेल, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे मावसभाऊ. वॉलॉंगॉंगला राहतात, पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात आहेत. स्कॉटलंडला कधी गेलेले नाहीत. लंडनच्या विमानतळावर एकदा विमान बदललं, तेवढाच त्यांचा ब्रिटनशी प्रत्यक्ष संबंध. पण तिथलं सरकार पडलं तर ह्यांच्या हातातला घास पडतो. शेजारच्या घरात ग्लासगोहून आलेल्या एक आजीबाई आहेत. भाऊजींनी त्यांना कुंपणावरून विचारलं की तुमच्या देशाचे तुकडे होताहेत, तुमचं मत काय. त्या गुलाबाला पाणी घालत म्हणाल्या, "मी तिथल्या पावसाला कंटाळून इकडे आले रे बाबा, आता त्यांचं ते बघतील." भाऊजींनी आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. इतक्या बेजबाबदार नागरिकाशी काय बोलायचं, असं त्यांचं म्हणणं.

जगाचा व्यापारही त्यांच्या घरातूनच चालतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो आणि बंदरात शिरायची वाट बघणारी जहाजं दिसतात. जहाजं कमी दिसली की घरातला हीटर बंद. चीनमध्ये इमारती बांधणं मंदावलं अशी बातमी आली की भाऊजी तूरडाळीचं पोतं आणतात. त्यांची बायको मेधा, म्हणजे माझी धाकटी जाऊ, हिनं एकदा विचारण्याची चूक केली की चीनच्या इमारतींचा आणि आपल्या डाळीचा काय संबंध. संबंध समजावून होईपर्यंत पानातली डाळ गार झाली आणि मेधाला संबंध कळला नाही तो नाहीच.

त्या वर्षांत युनीला, म्हणजे इथल्या विद्यापीठात, पुण्या-मुंबईची मुलं लोंढ्यानं येत होती. विमानतळावरून ट्रेननं वॉलॉंगॉंगला उतरणाऱ्या प्रत्येक मराठी पोराला आणायला भाऊजी हजर. बॅगा उचलायचे, घरी जेवायला न्यायचे, आणि मग त्या बिचाऱ्याला सुटका नसायची. एका मुलानं भीतभीत विचारलं होतं, "काका, पार्ट-टाइम काम कुठे मिळेल?" भाऊजींनी सुरुवात केली ती ब्रिटन युरोपच्या बाजारात सामील झाला तिथपासून, त्यामुळे ऑस्ट्रेलियाचं लोणी कसं पडून राहिलं, मग आपण आशियाकडे कसे वळलो. मुलगा पहिलीच्या पोरासारखा ताठ बसून ऐकत होता. तासाभरानं म्हणाला, "म्हणजे काका, मी पेट्रोल पंपावर विचारू का?" भाऊजी म्हणाले, "विचार. पण कारण समजून विचार."

आणि दोर. भाऊजींना वस्तू बांधायचं वेड आहे. कारखान्यातून पोलादाची अजस्र वेटोळी ट्रकवर चढतात, ती हलू नयेत म्हणून आवळून बांधायची हे त्यांचं आयुष्याचं काम. त्यामुळे अंगणातला कचऱ्याचा डबा वाऱ्यानं पडू नये म्हणून बांधलेला, पाटा माळ्यावर बांधलेला, गणपतीसुद्धा विसर्जनाला निघाला की गाडीत असा बांधायचा की समुद्रावर पोचल्यावर अर्धा तास आरत्या म्हणत बसावं लागे. कात्री आणली की भाऊजी भडकत. "ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. आमच्याकडे नियमच आहे तसा."

तर अशा माणसाच्या घरात सईनं सांगितलं की ती वेगळी राहायला जाणार. सई ही त्यांची एकुलती एक मुलगी. जुलैत युनी संपली, सिडनीच्या पश्चिमेला एका लॅबमध्ये नोकरी लागली. वॉलॉंगॉंगहून रोज जाऊन-येऊन ट्रेनमध्ये जीव गेला असता. पुण्याहून शिकायला आलेल्या दोन मैत्रिणींबरोबर तिनं तिथल्याच गिरावीन उपनगरात घर बघितलं. गिरावीनला आपली इतकी माणसं राहतात की भाऊजींना सुरक्षिततेचा मुद्दा काढायला वाव नव्हता. मग त्यांनी स्कॉटलंड काढलं.

"वेगळी होतेस ते ठीक. चलन कुठलं वापरणार?"

"डॉलर्स, बाबा. आय हॅव अ जॉब."

"फोन माझ्या फॅमिली प्लॅनवर आहे. त्याचं काय? आणि सीमेचं?"

"सीमा म्हणजे मध्ये एकदा ट्रेन बदलायची. इट्स गिरावीन, बाबा, नॉट एडिंबरा."

मेधा कणीक मळता मळता म्हणाली, "मी नाशिक सोडून ह्यांच्यामागे आले तेव्हा कुणी चलन विचारलं नव्हतं."

दोन महिने हे असं चाललं. भाऊजी लंडनच्या पुढाऱ्यांची भाषणं ऐकायचे आणि जेवताना त्यातले मुद्दे सईवर टाकायचे. त्यांना स्कॉटलंड कशासाठी हवं होतं ते मला केव्हाच कळलं होतं. एक गोष्ट मात्र मला खटकत होती. मुलं खोल्यांसाठी वणवण करत असताना ह्यांचा ग्रॅनी फ्लॅट जुलैपासून रिकामा पडलेला. "भाऊजी, वेडे आहात का?" असं मी तोंडावर विचारलं होतं. ते म्हणाले, "जरा डागडुजी आहे, वहिनी." डागडुजी कसली दिसेना. शेवटी मीच म्हटलं, शुक्रवारी मला सुट्टी आहे, ओव्हन मी घासते, पण सोमवारी त्यात कुणीतरी राहायला आलं पाहिजे.

दुपारी निकाल लागला. स्कॉटलंड नाही म्हणालं. भाऊजींनी अशी टाळी वाजवली की मी ओव्हनला डोकं आपटून घेतलं. ते धावत सईला बोलवायला गेले. तिची खोकी भरून चालली होती. ती हातात सेलोटेप घेऊनच आली.

"राहिले की नाही एकत्र?" भाऊजी म्हणाले. "आणि त्यांना काय मिळालं? जास्त अधिकार. कबूल केलंय तसं लंडननं. मीही करतो. हा फ्लॅट तुझा. किल्ली वेगळी, किचन वेगळं, केव्हा ये, केव्हा जा. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार तेवढे आमच्याकडे." त्यांनी ओव्हनकडे हात केला. "वहिनींनी घासूनसुद्धा दिलाय."

तेव्हा मला कळलं मी कुणासाठी घासत होते.

सईलाही कळलं. तिनं सिंकचा नळ सोडून पाहिला, खिडकी उघडून बंद केली. भाऊजी तिच्या मागे मागे. त्यांनी खिडकीला नवी जाळीही बसवली होती. मग ती हळू म्हणाली, "बाबा, त्यांनी नाही म्हटलं. मी हो म्हटलंय. लीज साइन झालंय, उद्या सकाळी जाणार आहे मी."

"उद्याच?"

"तुम्हाला सांगितलं होतं. यू वर वॉचिंग द न्यूज."

भाऊजींनी फोन खिशात ठेवला. वाकून ओव्हनच्या आत पाहिलं. "छान निघाला, वहिनी," ते म्हणाले. "देऊन टाकू कुणा मुलांना." आणि अंगणात जाऊन त्यांनी दोर शोधायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमची ट्रेलर लावलेली गाडी घेऊन गेले. सईची गादी, टेबल आणि खोकी माझा चहा होईपर्यंत ट्रेलरवर चढली होती आणि जहाजानं निघाल्यासारखी बांधली होती. भाऊजींना म्हटलं, चला. ते म्हणाले, गाडीत जागा नाही. गाडीत मी आणि सई, मागची सीट पूर्ण मोकळी. मेधानं माझ्याकडे पाहिलं आणि मी गाडी सुरू केली.

गिरावीनला दोन्ही मैत्रिणी दारात उभ्या होत्या. आम्ही चौघींनी गाठींशी झटापट केली. एकीचं नख तुटलं. एक गाठ सुटली तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. सई घामाघूम होऊन म्हणाली, "काकू, जस्ट कट इट." माझ्या पर्समध्ये कात्री असतेच. काढली, दोरावर धरली. मग परत पर्समध्ये टाकली आणि भाऊजींना फोन लावला.

"कुणी हात लावू नका," ते म्हणाले. "येतोच मी."

फोनमध्ये त्यांच्या मागे रेल्वेच्या फलाटावरची घोषणा ऐकू येत होती. मी मुलींना सांगितलं, चहाचं पातेलं कुठल्या खोक्यात आहे ते आठवा, आणि एक कप जास्त टाका.