पाळीतली केबल

आमच्या ग्रामपंचायतीत इंटरनेट आलं ते माझ्या सहीनं, असं मी तेव्हा मिरवत असे. मी तिथली कॉम्प्युटर ऑपरेटर. केबल पाच फूट खोल गाडल्याचा दाखला गेल्याशिवाय ठेकेदाराला सरकारी अनुदान सुटत नव्हतं, आणि अनुदान सुटल्याशिवाय तो लाईन सुरू करत नव्हता. रस्त्याकडेला मुरूम कडक लागला म्हणून त्यानं केबल तलावाच्या मऊ पाळीतून, म्हणजे मातीच्या बांधातून नेली, तीही जेमतेम हातभर खोल. मला दिसत होतं. पण प्रत्येक कागदासाठी तालुक्याला, कुरखेड्याला खेटे घालून गाव कंटाळलं होतं, मी तर जास्तच. केली दाखल्यावर सही.

पावसाळ्यात पाळ पाझरू लागली. अशा वेळी आमच्याकडे घरटी एक माणूस फावडं घेऊन पाळीवर जातो. पाझराची जागा खणायची आणि चिकणमाती ठासून भरायची. सकाळी दवंडी ऐकली तेव्हाच कळलं, खणतील तिथेच केबल आहे. जाऊन सांगावं, तर केबल इतकी वर कशी, हे कोणीतरी विचारलंच असतं. मी ऑफिसात येरझारा घालत राहिले. समोर एका मासेमाराची मुलगी नर्सिंगचा फॉर्म भरत होती. शेवटचा दिवस होता.

"बाई, काऊन बसत नाई तुमी?" तिनं विचारलं.

"तू भर लवकर," मी खेकसले.

तिचा फोटो चढता चढता इंटरनेटच्या डब्यावरचा दिवा लाल झाला. मोबाईलला रेंज नव्हतीच. तिला गाडीवर मागे बसवलं आणि कुरखेड्याकडे सुटले. वाटेत नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं. ते उतरेपर्यंत मुदत संपली.

परतलो तर तिचा बाप पंचायतीसमोर उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला.

"माह्याच फावड्यानं तुटली जी," तो म्हणाला. "मले का मालूम तिथी तार हाये म्हून. पोरीचं साल गेलं माह्या हातानं."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. "होते भाऊ कधी कधी," एवढंच निघालं. माझी मलाच किळस आली.

हिवाळ्यात तलावात जाळी पडली. पहिल्या दिवशीची मरळ घेऊन ती मुलगीच माझ्या दारात आली.

"बाबानं पाठोली. लाईन तोडली म्हून त्याले अजून लय वाईट वाट्टे."

मी मरळ घेतली. साफ केली, रस्सा केला आणि खाल्ली.