ऑर्विलच्या नळाला पाणी

ऑर्विल ट्वेटेनच्या ट्रेलरमधलं पाणी कधी गोठत नाही. हे मला स्वतः ऑर्विलनेच सांगितलंय, सलग नऊ हिवाळे, आणि प्रत्येक हिवाळ्यात जवळपास रोज. नॉर्थ डाकोटात चव्वेचाळीस वर्षं त्याने पाइप जोडले, बायको गेल्यावर घर विकलं, हा बत्तीस फुटी ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, घेतला आणि आमच्या ट्रेलर पार्कात माझ्या शेजारच्या जागेवर आणून उभा केला. तेव्हापासून इथल्या प्रत्येकाच्या पाइपाची काळजी त्याला आहे. स्वतःच्या गुडघ्याची नाही, रक्तदाबाची नाही, पण माझ्या पाण्याच्या नळीला विजेची गरम वायर नीट गुंडाळलीय का, ते बघायला तो उणे वीसमध्येही टोपी न घालता येतो. टोपी घालायला हवी खरं तर, कारण डोक्यावर केस म्हणाल तर एक नाही.

कोणाचं पाणी गोठलं की हा कॉफीचा मग घेऊन हजर. मदत करत नाही असं नाही, पण आधी व्याख्यान. ते संपेपर्यंत कधी कधी पाणी आपलं आपण सुटतं.

मागच्या जानेवारीत माझं गोठलं. चर्चच्या बायका कॉफीला येणार होत्या आणि सिंकखालच्या कपाटात मी काय काय कोंबलंय ते त्यांना दिसू नये, म्हणून मी रात्रभर त्याची दारं लावून ठेवली होती. पाइप त्याच कपाटातून, बाहेरच्या पत्र्याला चिकटून जातो. दारं उघडी असली तरच खोलीतली ऊब त्याला मिळते. ऑर्विल आला, चार बायकांच्या देखत गुडघ्यांवर बसला, दारं उघडली, माझा सगळा पसारा जमिनीवर मांडला आणि म्हणाला, "आर्डिस, पाइपाला ऊब लागते, अब्रू नाही."

त्या बायका अजून हसतात. मी अजून हसत नाही.

तर अशा या सर्वज्ञ माणसाला मार्नी नावाची एक मुलगी आहे. ती फार्गोला असते, सहा तासांवर. गेल्या महिन्यात तिने बापाला फोनवर एकच प्रश्न विचारला. रात्रीबेरात्री काही झालं तर तू कोणाला हाक मारशील, एक नाव सांग. हा म्हणाला, मला काही होत नाही. ती म्हणाली, मग जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारी मी येते. तोपर्यंत एक नाव तयार ठेव, नाहीतर बॅग भर. फार्गोला म्हाताऱ्यांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरची खोली तिने बघून ठेवली होती.

हे मला मार्नीनेच फोन करून कळवलं. "आर्डिस, बाबा कधी तुला कशासाठी बोलावतो का गं?" तिने विचारलं.

"रोज बोलावतो," मी म्हटलं. "माझ्या चुका दाखवायला."

ती हसली नाही. मलाही मग बरं वाटेना.

ऑर्विलने मात्र नाव शोधण्याऐवजी ट्रेलर आवरायला घेतला. शुक्रवारी दिवसभर त्याची घासपूस चालली होती. सिंकखाली ठेवलेला विजेचा छोटा हीटर त्याने ब्लँकेटमध्ये गुंडाळून ट्रकात लपवला, कारण मार्नीला आगीची भीती. माझ्या खिडकीतून सगळं दिसतं, आणि मी बघते.

त्या रात्री पारा उणे चौतीसवर गेला. शनिवारी सकाळी बघते तर ऑर्विल दारात उभा राहून पातेल्यात बर्फ भरतोय.

मी कोट चढवून बाहेर गेले आणि पाणी येतंय ना, असं विचारलं.

"झकास येतंय," तो म्हणाला.

"मग बर्फ कशाला?"

"कॉफीला. चव वेगळी लागते."

मी येऊ का मदतीला, असं मी विचारलं. तो नको म्हणाला. मी म्हटलं, हेअर ड्रायर घेऊन येते, पाच मिनिटांत होईल. तो म्हणाला, उगाच तुला त्रास कशाला.

इथे आमची रीत सांगायला हवी. आमच्या नॉर्वेजियन आजोबा-पणजोबांनी ती बोटीतून बरोबर आणली असावी. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की त्रास कशाला म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की एवढा आग्रहच असेल तर बरं, असं म्हणून घ्यायचं. केकच्या तुकड्यापासून अँब्युलन्सपर्यंत सगळ्याला हाच नियम. न विचारता मागणारा माणूस आमच्यात अजून जन्मायचाय.

मी दोनदा विचारलं होतं. ऑर्विल पातेलं धरून तिसऱ्याची वाट बघत होता. मी म्हटलं, "बरं, मग चालू दे तुझं," आणि घरी आले.

खोटं कशाला बोलू, मजा आली. मी कॉफी ओतून घेतली आणि नाटकाला बसावं तशी खिडकीत बसले. तो आत गेला, बाहेर आला, ट्रेलरच्या पोटाखाली वाकून बघितलं, परत आत गेला. दुसऱ्या फेरीला त्याने पायरीवर हात टेकला तो बराच वेळ उचललाच नाही. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की बारा वाजता ती पोरगी येणार, आणि संध्याकाळपर्यंत ऑर्विलची सहा नंबरची जागा रिकामी होणार. मग माझ्या नळीला नावं ठेवायला कोण येणार? मला राग आला. त्याचा आला, आणि त्याहून जास्त माझा.

साडेदहाला माझा जांभळा हेअर ड्रायर काखेत मारून मी त्याचं दार वाजवलं आणि तिसऱ्यांदा विचारलं. "एवढा आग्रहच असेल तर," असं म्हणून तो बाजूला झाला.

आत सगळं चकचकीत, आणि सिंकखालच्या कपाटाची दोन्ही दारं घट्ट लावलेली. कपाटात काय होतं? सात-आठ रिकामे डबे आणि एक फाटका मोजा. मार्नीला ते दिसू नये म्हणून.

वर्षभर साठवलेलं मी बोलून टाकलं. "ऑर्विल, पाइपाला ऊब लागते, अब्रू नाही."

त्याने मुकाट्याने आधी नळ उघडून ठेवला, आणि मी गुडघ्यांवर बसून नळाच्या बाजूने पाइप शेकत शेकत मागे गेले. व्याख्यान नाही, सूचना नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा हा माणूस तासभर गप्प होता, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. पावणेबाराला नळ खोकला, थुंकला आणि वाहायला लागला. पाइप कुठे फुटला नव्हता. ऑर्विलने लगेच डबे आत कोंबले. दारं लावायला हात नेला आणि तसाच मागे घेतला.

मार्नी आली ती बूट काढून थेट सिंकपाशी. नळ सोडला, बंद केला. उघडं कपाट बघितलं. मग ओट्यावरची वस्तू उचलली. गडबडीत ती आम्ही दोघंही विसरलो होतो.

"बाबा," ती म्हणाली, "हा ड्रायर कोणाचा?"

ऑर्विलने स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. क्षणभर मला वाटलं, हा आता 'माझाच आहे' म्हणून सांगणार.

"आर्डिसचा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पाणी गोठलं होतं. मी... मी बोलावलं तिला."

कुठलं बोलावलं? चौऱ्याहत्तर वर्षांत त्याने कोणाला बोलावलेलं नाही. पण मार्नी आता माझ्याकडे बघत होती.

"साडेदहाला," मी म्हटलं. "दार ठोकून ठोकून जीव खाल्ला माझा."

मार्नी कोट काढून खुर्चीवर टाकत म्हणाली, फार्गोचं एप्रिलमध्ये बघू काय ते. ऑर्विलने नळाखाली किटली धरली. ती भरेपर्यंत तो पाण्याकडेच बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "कॉफी घेणार?"

मी पहिल्याच विचारण्याला हो म्हटलं.