'खूण' हे नाव कुणाचं

ग्रंथपालबाईंनी वाचनालयातल्या पुस्तकांच्या नोंदींसाठी स्वतःच एक सॉफ्टवेअर लिहिलं, त्याला 'खूण' नाव दिलं आणि कोड सगळ्यांसाठी खुला करून टाकला. बघता बघता चाळीस वाचनालयं ते वापरू लागली. अनोळखी माणसं हौसेने त्यात भर घालू लागली. नऊ वर्षं सुरळीत गेली आणि एक दिवस एका कंपनीची नोटीस आली: 'खूण' या ट्रेडमार्कसाठी आम्ही अर्ज केला आहे, तुम्ही नाव बदला.

नोटीस घेऊन बाई तडक वकील नणंदेकडे गेल्या.

"वहिनी, कोड तू सगळ्यांना दिलास. नावही दिलंस का?" नणंदेने विचारलं.

"नाव कुणी मागितलंच नाही गं."

"मग ते तुमचंच. तुम्ही सगळे आधीपासून वापरताय, एवढं दाखवून दे."

बाईंनी सगळ्या वाचनालयांना कळवलं. आठवड्याभरात जुनी सभासद-कार्डं, फलकांचे फोटो, सूचनापत्रकं यांचा ढीग लागला. नणंदेने तो कंपनीकडे पाठवला आणि कंपनीने मुकाट्याने अर्ज मागे घेतला.

मग नणंदेने बाईंपुढे ट्रेडमार्कचा नवा अर्ज ठेवला. 'मालक' या रकान्यापाशी बाईंचं पेन अडलं.

"अगं, हे नाव आमच्या बाइंडरकाकांनी सुचवलंय."

लगेच काकांना फोन लावला. ते हसतच सुटले. "मालक होऊन मी काय करू? सगळ्या वाचनालयांचं मिळून एक मंडळ करा आणि त्याच्या नावावर टाका."

तसंच झालं. मंडळाच्या पहिल्या सभेला काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पुढच्या आवृत्तीला काय म्हणायचं यावर तासभर हिरिरीने भांडले.