माळावरची बाळंतीण

शिवकन्याताई दोन भाषा बोलते. फोनवर विद्यापीठातले सर असले की, "सर, नेस्ट साइटला डिस्टर्बन्स वाढतोय, हॅबिटॅटवर परिणाम होऊ शकतो." आणि फोन कानावरून खाली यायच्या आत, "आये, वाढ गं लवकर, पोटात कावळं वरडायलेत!" मधे श्वास घेत नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, घरात दोन पोरी आहेत आणि एकीच्याच ताटात दोघी जेवतात.

ती एमेस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय पर्यावरण आणि वन्यजीव संवर्धन. हे लोकांना समजावून सांगणं तिच्या वडिलांना, म्हणजे हिंमतरावकाकांना, फार जड जातं. येरमाळ्याच्या स्टँडवर कुणी ना कुणी गाठतंच.

"हिंमतराव, पोरगी काय शिकायलीय?"

"पाखरांचं."

"म्हंजी जनावरांची डॉक्टर?"

"न्हाय."

"मग पोल्ट्री टाकायची का?"

"न्हाय ओ. रानातली पाखरं जगवायची."

"जगवून?"

इथं काका घसा खाकरतात आणि म्हणतात, "चला, यष्टी आली." यष्टी आलेली नसते.

प्रबंधासाठी ताईनं माळटिटवी निवडली. नेहमीची टिटवी पाण्याकाठी दिसते, ही उघड्या माळावर राहते. चोचीच्या बुडाला पिवळी गाठ, डोक्यावर काळी टोपी, आणि बोलणं असं की धुरपदाकाकूंनी, म्हणजे ताईच्या आईनं, भांडी घासता घासता कुणालातरी टोचून बोलावं. घरटं म्हणजे नुसता खळगा, त्यात मातीच्या रंगाची अंडी. पायाखाली आली तरी कळणार नाहीत. आमच्या गावच्या माळावर अशी पाच घरटी ताईनं उन्हातान्हात फिरून शोधली. पिल्लं निघेपर्यंत रोज नोंद ठेवायची. पावसाच्या आत पिल्लं निघाली तर प्रबंध झाला. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा, म्हणजे आणखी एक वर्ष आणि काकांना स्टँडवर आणखी तेवढेच प्रश्न.

घरटी लांबून ओळखू यावीत म्हणून तिनं आधी काटक्यांना रंगीत चिंध्या बांधल्या. त्या शेळ्यांनी खाल्ल्या. सर फोनवर म्हणाले, "मार्कर टिकाऊ हवा, आणि ठळक." मग ताईनं प्रत्येक घरट्यापासून थोडा लांब एकेक दगड उभा केला. ट्रॉली रंगवून उरलेला नारिंगी ऑइलपेंट घरात होता, तो फासला. नंबर लांबून वाचता येत नाही म्हणून पांढरे ठिपके दिले. पहिल्या घरट्याच्या दगडाला एक ठिपका, दुसऱ्याच्याला दोन, तिसऱ्याच्याला तीन.

आता आमच्या भागातली माणसं. चैत्री यात्रेत येडेश्वरी देवीसाठी रानातले चुन्याचे खडे वेचणारी. दगडाकडं नुसता दगड म्हणून बघायची कुणाला सवयच नाही. आणि ही विद्यापीठात शिकलेली बाई माळावर उभा दगड रोवते, शेंदरी रंग देते, त्यावर पांढरेशुभ्र दोन ठिपके काढते आणि घरी येऊन शांत झोपते.

दोन ठिपक्यांच्या दगडाला आधी हळदकुंकू लागलं. ते वाहिलं शेजारच्या गिरिजाबाईंनी. गिरिजाबाई कुजबुजल्या तरी तीन घरं ऐकू जातात, त्यामुळं माळावर देव प्रकटल्याची बातमी वेगळी पसरवावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी नारळ फुटले. किराणा दुकानवाल्या धोंडप्पांनी माळ फिरून तीन ठिपक्यांचा दगड शोधून काढला. धोंडप्पांचा आवाज म्हणजे रिकाम्या तेलाच्या डब्यात कुणी सावकाश बोलावं तसा. "शिवा, शिवा! दोन डोळे आन वर तिसरा. ह्यो साक्षात म्हादेव." आणि त्यांनी बेल वाहिला.

ताई धावत माळावर गेली.

"काकू, ह्यो देव न्हाय. रंग आमच्या ट्रॉलीचा हाय, उरल्याला!"

गिरिजाबाईंनी अगरबत्ती खोचता खोचता विचारलं, "मग मारुतीचा शेंदूर काय आभाळातनं पडतो व्हय गं? त्योबी दुकानातनंच येतो."

"अवो, दगड म्या उभा केलाय!"

"तू केलास. पण करायची बुद्धी कुणी दिली?"

ताईनं मार्कर म्हणजे काय ते सांगितलं, डेटा म्हणजे काय ते सांगितलं. बायकांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं.

खोबऱ्यानंच घात केला. तुकड्यांसाठी कावळे आले, कुत्री आली. गर्दीला भिऊन टिटवी उठायची आणि अंडी उघडी पडायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताई दोन ठिपक्यांच्या घरट्यापाशी गेली तर खळग्यात फुटकी टरफलं होती आणि वर दोघं नवराबायको, टिटवा-टिटवी, ओरडत घिरट्या घालत होते. त्या दिवशी घरात तिची एकही भाषा ऐकू आली नाही. जेवताना धुरपदाकाकू म्हणाल्या, "लेकी, दुसरी घालल की अंडी." ताई म्हणाली, "माझ्यामुळं गेली, आये." एवढंच.

सर म्हणाले, मार्कर उपटा. ती निघालीच होती, पण हिंमतरावकाका दारात आडवे उभे राहिले.

"आता हात लावू नगं पोरी. म्हादेव झालाय त्यो. उपटलास तर गाव दुसऱ्या दिवशी दुप्पट मोठा दगड आणून रोवल."

काकांचं खरं होतं. मग ताईनं उपटायचा विचार सोडला आणि घरट्यांपासून लांब, बाभळीखाली जाऊन बसली. येईल त्याला हात जोडून थांबवायचं, एवढंच हातात होतं. निम्मे थांबायचे, निम्मे तिलाही कुंकू लावून पुढं जायचे.

गिरिजाबाई आल्या त्या भर दुपारी, नैवेद्याचं ताट घेऊन. दोन ठिपक्यांच्या देवाला दाखवून झाला होता, आता तीनचा नंबर. त्यांच्या चाहुलीनं तिसऱ्या घरट्यावरची टिटवी उठून गेली.

"काकू, पाया पडते. इथं जरा बसा की माझ्यापाशी."

"नैवेद्य निवंल गं."

"ह्या उन्हात? न्हाय निवायचा."

हे पटलं. त्या बसल्या. ताईनं दुर्बीण त्यांच्या डोळ्याला लावून दिली.

"काय दिसतंय?"

"कुसळं."

"थोडं डावीकडं."

"धोंडप्पानं वाहिल्याला बेल. वाळला की सगळा... अगं बया! अंडी! डोळ्याम्होरंच की! उन्हात उघडी टाकून कुठं उलथली ही भवानी?"

"तुमाला बघून गेली. बोलू नगा, येतीय बघा."

न बोलणं गिरिजाबाईंना कसं जमलं, देव जाणे. टिटवी आली. थेट उडत आली नाही, लांब उतरली आणि थांबत थांबत, आपला इकडं काही संबंधच नाही असं दाखवत, चालत घरट्याशी पोचली.

"शिवे, हिचं पोट वलं कशानं?"

"तळ्यावर जाऊन भिजवून आणलंय, काकू. अंडी तापत्यात. वल्या पोटानं बसती, गार करती. वाळलं की परत तळं."

"तळं तर किती लांब हाय."

"दोघं पाळीनं जात्यात. एक बसतं, एक जातं. आन माणसं आली की दोघांनाबी उठावं लागतं."

गिरिजाबाईंनी दुर्बीण खाली घेतली नाही. ताटातल्या वरणाला मुंग्या लागल्या. मग त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखर हळू म्हणाल्या, "बाळंतीण हाय की गं ही."

"तसंच म्हणा."

"आन आमी बाळंतिणीच्या उशाशी नारळ फोडतोय व्हय? कावळं बोलावतोय?" मग दुर्बीण मांडीवर आपटून, मूळच्या आवाजात, "आधी सांगाय काय झालतं तुला?"

"सांगितलं की काकू! मार्कर हाय म्हणलं, डेटा जाईल म्हणलं..."

"डेटा जाईल म्हणल्यावर मला काय कळतंय? आमच्या पोराचा, नंदीशचा, रोजच जातोय मोबाइलमधला. बाळंतीण म्हणायचं!"

त्या दिवसापासून बाभळीखाली गिरिजाबाई बसल्या. नैवेद्य तिथंच ठेवायचा, नारळ गावात फोडून यायचा, दर्शन लांबून. तीन ठिपक्यांचे भक्त धोंडप्पा तेवढे कुरकुरले. "पण गिरिजाबाई, माझा बेलाचा नेम हाय. म्हादेव काय म्हणल?"

"म्हादेव लेकराबाळांचा धनी हाय. त्याला कळतंय. तुमालाच कळंना."

धोंडप्पा बाभळीला बेल वाहून गेले.

मे महिन्यात सर स्वतः पाहणीला आले. डोक्याला टोपी, गळ्यात हातभर लांब कॅमेरा. ताईला मागं टाकून झपाझप निघाले ते बाभळीशी अडले.

"ओ पाव्हणं! कुठं?"

"नेस्ट बघायला. मी शिवकन्याचा गाइड आहे."

"असताल. बाळंतिणीच्या खोलीत बाप्या माणूस जात न्हाय. हितनं लांबूनच गाइड करा."

सरांनी ताईकडं पाहिलं. ताई जमिनीकडं बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. सर मुकाट बाभळीखाली बसले आणि गिरिजाबाईंची पाळी संपल्यावर त्यांना दुर्बीण मिळाली.

जाताना ते गंभीर झाले. "शिवकन्या, एक घरटं गेलं, ते का गेलं हे प्रबंधात लिहावं लागेल."

"लिहिणार सर. मार्करचा रंग मी निवडला होता. सगळ्यात आधी तेच लिहिणार."

सरांनी मान हलवली. "आणि बाकीची का वाचली, तेही लिहा." मग बाभळीकडं बघत, "पद्धत काय म्हणून लिहाल, ते मात्र मला सुचत नाही."

आभाळ भरून येण्याआधी पिल्लं निघाली. चारांपैकी एका घरट्यात कुणी काही केलं नसताना अंडी तशीच राहिली, फुटली नाहीत. उरलेल्या तिन्हींत पिल्लं आली. ताईनं घरात येऊन सांगितलं ते ओरडून, आणि अर्धं विद्यापीठाच्या भाषेत, अर्धं आपल्या. "आये! हॅचिंग झालं गं! झालं समदं!" धुरपदाकाकूंनी हातातलं पीठ झटकलं आणि तिच्या गालाला पिठाचेच हात लावले. हिंमतरावकाका चप्पल घालून स्टँडवर गेले. विनाकारण.

गिरिजाबाई पाचवी पुजायच्या तयारीला लागल्या. ताई सांगत होती, काकू, घाई करा, पाचव्या दिवसापर्यंत कोण थांबतंय. त्यांना वाटलं, शिकलेल्या पोरीला रीत माहीत नाही. तरी लेकरं बघायला म्हणून त्या माळावर आल्या आणि बाभळीखाली बसून त्यांनी दुर्बीण लावली. खळगा रिकामा. मग जरा पुढं, कुसळांत, लांब पायांचे चार कापसाचे बोळे आईच्या मागं तुरुतुरु पळताना दिसले.

"अगं अगं अगं! आजच झाल्यात ना गं ही?"

"आजच."

"आन पळायलीत?"

"व्हय काकू. ह्यांचं असंच असतंय."

गिरिजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. माळाकडं तोंड करून, पार येरमाळ्यापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात त्यांनी टिटवीला झापलं:

"अगं, सव्वा म्हैना ऱ्हाऊ दे, सव्वा दिस तरी पडून ऱ्हायचं हुतंस की गं बाई!"