कलती बाटली

हिंगोलीच्या एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेचा भूगोल शिकवतो. तेथे पहिल्या बाकावर एक गृहस्थ अनेक वर्षे बसत आले आहेत. यंदा त्यांची वयोमर्यादा संपली, तरी ते येतात आणि नव्या मुलांच्या शंका सोडवतात. समजावताना पाण्याची बाटली किंचित कलती धरतात. ती त्यांची पृथ्वी.

काल औंढ्याकडच्या एका मुलीने त्यांना विचारले, "दादा, जानेवारीत सूर्य जवळ असतो, मंग थंडी काहून?"

"अंतरानं न्हाई ताई, कलण्यानं. आपली बाजू तवा सूर्यापासून पलीकडं झुकलेली असते. किरणं तिरपी पडतात." बाटली खाली ठेवून ते म्हणाले, "वय किती तुझं?"

"एकोणतीस."

"परीक्षा दे. पण आतापासून दुसरं कामबी धर. मी न्हाई धरलं."

"दादा, तुमी तर भेव घालून राहिले!" ती हसली, पण ते हसू टिकले नाही. तिने माझ्याकडे पाहिले. 'पुढच्या वेळी नक्की होईल,' असे मी दरवर्षी सर्वांना सांगतो, त्यांनाही सांगत आलो. तेच ऐकण्यासाठी ती थांबली होती.

त्यांच्यादेखत मला ते म्हणवले नाही.