राजुरीच्या चौकातलं पॅकेज

"सायेब, आमच्या पोरीला कॉम्प्युटरलाच घाला. राजुरीच्या चौकातला फ्लेक्स बघितला न्हाई का तुमी? लई मोठं पॅकेज हाय त्या पोराचं!"

दत्तूभाऊ त्या दिवसातले कितवे पालक होते, देव जाणे. मी नारायणगावकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्लेसमेंट ऑफिसर आहे. पोरांना नोकऱ्या मिळवून देणं हे माझं काम, पण अॅडमिशनच्या दिवसांत ब्रँच सांगत बसावं लागतं. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कोणती ब्रँच आधी हवी त्याचा क्रम. त्याची मुदत संध्याकाळी संपत होती. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पोरीला, प्राजक्ताला, सिव्हिल हवं होतं. बायपासच्या कामावर मशीन लावून रस्ता मोजणारी इंजिनिअर बाई तिनं पाहिली होती, तेव्हापासून.

"दत्तूभाऊ, पॅकेज म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. त्यात पीएफ, बोनस, नाही नाही ते धरतात. आणि ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे."

पटेना. डोकं उठलं माझं. शेवटी फ्लेक्सवरच्या सौरभलाच फोन लावला. आमचाच विद्यार्थी. त्याला विचारून स्पीकर चालू केला.

"काका, जॉइनिंगच नाय आलं अजून. कंपनी थांबा म्हणते. आमच्या आबांनी हौसेनं फ्लेक्स लावला, आता गावात यायची लाज वाटते."

मला वाटलं, सुटलो.

"मंग सिव्हिलला काय मिळतं?" दत्तूभाऊंनी विचारलं.

गोड बोलायचा कंटाळा आला होता. "सुरुवातीला कमी. उन्हातान्हात साइटवर उभं राहायचं. पुढं वाढतो पगार, पण हिचा किती वाढेल ते मला नाही सांगता येणार."

"मंग ऱ्हाऊ द्या. सोयरीक जमवताना पावणं पॅकेज इचारत्यात. जॉइनिंग कोन इचारतंय?"

प्राजक्तानं मुकाट्यानं कॉम्प्युटर पहिल्या नंबरवर टाकलं. पहिल्या पसंतीची सीट मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. काही दिवसांनी यादी लागली, नेमकी तीच मिळाली. दत्तूभाऊ पेढे घेऊन आले.

ते गाडी काढायला गेले तसं प्राजक्तानं विचारलं, "सर, दुसऱ्या वर्षाला ब्रँच बदलून देतात का?"

"देतात. मार्क चांगले पडले आणि तिकडं जागा असली तर. पण सगळे सिव्हिल सोडून कॉम्प्युटरला जायला धडपडतात."

"मग उलट्या बाजूला गर्दी नसेल ना?"

"नसते," मी म्हणालो.

यंदा ती सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लोक पगार विचारायला येतात, ऐकायला येत नाहीत, एवढंच या नोकरीत शिकलो. दत्तूभाऊ पावण्यांना अजून कॉम्प्युटरच सांगतात.