मीटरची जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गुरुग्राममधल्या एका ऑफिस इमारतीची हवा मी सांभाळतो. दिल्लीकडे सगळे धुराबद्दल बोलतात, दमटपणाबद्दल कुणी नाही. पण जुलैत बंद इमारतीत दमट हवा साचली की भिंतींना बुरशी धरते, आणि ती माणसाच्या छातीत जाते. मला हे माहीत नव्हतं? नव्या मुलांना मीच शिकवतो.

पावसाळ्याआधी आतलं खोटं छत (फॉल्स सीलिंग) उघडून एसीचं पाणी नेणारी नळी तपासायची असते. त्या वर्षी मी न उघडताच सही ठोकली. कंटाळा — दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर सुनंदाताई बसायच्या. मूळच्या नागपूरच्या, घर दिल्लीत मयूर विहारला. इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे मी त्यांचा भाऊ झालो होतो. डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जास्त असायची. त्यांना दमा होता. जागेवर कुबट वास येतो, जरा बघा ना, म्हणाल्या. मी पाहिलं. नळी तुंबून पाणी भिंतीत मुरत होतं. तिथल्या भिंतीवरच्या दमटपणाच्या मीटरवर अठ्ठ्याहत्तर टक्के; साठच्या आत असावा लागतो.

सांगितलं असतं तर माझी सही पुढे आली असती. म्हणून मी — मी तो मीटर काढला आणि एसीच्या झोताखाली लावला. तिथे कोरडी हवा पडते. आकडा बावन्नवर उतरला, आणि तो मी ताईंना दाखवला.

"अच्छा, म्हणजे ऑफिसचं ठीक आहे. मग माझ्या घरातच काहीतरी असेल, भाऊ."

इथे तरी थांबावं की नाही? रविवारी मी दुसरा मीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाहेर पाऊस, खिडक्या उघड्या — आकडा चढणारच होता. मी बोट दाखवलं ते कोपऱ्यातल्या गोधड्यांकडे. सहा होत्या, त्यांच्या आईने लुगडी जोडून शिवलेल्या. आई गेलेली. ताईंनी त्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. दुसऱ्या कुणाला त्रास नको म्हणून कुणाला दिल्यासुद्धा नाहीत.

खोकला थांबला नाही. थांबणार कसा? त्या रोज त्याच भिंतीशी बसत होत्या, आणि मी जिन्यातून तो खोकला ऐकत होतो. दोनदा त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हाही मी नळीला हात लावला नाही. नळी साफ केली ती दिवाळीच्या सुट्टीत, चोरासारखी. तोवर त्यांनी नोकरी सोडली होती. मीटर अजून झोताखालीच आहे — हलवला तर लोक विचारतील. रोज सकाळी मी तोच आकडा वहीत लिहितो.

मागच्या हिवाळ्यात नागपूरहून पार्सल आलं. ताईंनी स्वतःच्या साड्यांची गोधडी शिवून पाठवली होती. सोबत चिठ्ठी — भाऊ, तुम्ही वेळेवर सांगितलंत. हिला ऊन दाखवत जा.

बायको तिला दर रविवारी गच्चीत वाळत घालते. संध्याकाळी ती घडी करून माझ्याच बाजूला ठेवते, आणि मी ती पांघरतो.